दुपारचा कंदील

९ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

सिरिंजचा दट्ट्या आज पुन्हा अडकला. काचेत काच घासून असा किरकिरला की अंगावर काटा आला, आणि थेंबाचं माप गेलं. मग सगळी सकाळ फुकट.

ही सिरिंज विलायतेहून आलेली. आख्ख्या इंदापूर-बारामतीत हिला जोड नसेल. मागं मायक्रोमीटरचं चाक आहे. ते एक घर फिरवलं की सुईच्या टोकाशी एक मायक्रोलिटर औषध येतं. म्हणजे एका मिलिलिटरचे हजार भाग केले तर त्यातला एक. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसतो. तो थेंब पाकोळीच्या पाठीवर ठेवायचा. पाकोळी म्हणजे उसाचा रस पिणारी, वाळल्या गवताच्या रंगाची चोचवाली कीड. ठमाबाई सणसरच्या फडांतून रोज डबाभर धरून आणते. दहा-दहाचे सहा गट. पाच गटांना नव्या औषधाचे वाढते डोस, सहाव्याला औषध विरघळवायचं नुसतं अ‍ॅसिटोन. तो कोरा गट. कोऱ्या गटातल्या पाकोळ्या जगल्या पाहिजेत, तरच बाकीच्या औषधानं मेल्या असं म्हणता येतं. कोऱ्या मेल्या की तक्ता रद्दी.

तक्ता पंधरा नोव्हेंबरला पुण्याच्या कचेरीत जायचा आहे. चांगला झाला तर मी नोकरीत कायम. कायम झालो तर वसाहतीतल्या दोन खोल्या. म्हणजे कौसल्या आणि पोरगी इथं. पोरगी आज नऊ दिवसांची झाली आणि बापानं तिचं तोंड पाहिलेलं नाही! तोवर मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीशेजारी.

सावळारामला झापलं. तोच भांडी धुतो. म्हटलं, दट्ट्याला बोट लावत असशील, बोटाचा मळ बसतो म्हणून अडकतो. यापुढं बोट लावायचं नाही म्हणजे नाही. म्हणाला, "न्हाय लावत साहेब. बगतो मी."

१० ऑक्टोबर

दट्ट्या लोण्यासारखा सरकतो! सावळारामला म्हटलं, काय केलंस रे? तर हसला नुसता. "गुऱ्हाळावर चरक सांभाळलाय वीस वर्सं. यंत्राचं दुखनं कळतं मला." माणूस गुणी आहे, उगीच झापलं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. बारामती

बारसं. नाव चंद्रा. माझं नाक, बिचारीचं नशीब. मुठीत माझं बोट धरून झोपली. कौसल्या वाळली आहे पण हसते. म्हणाली, "न्यायला कवा येताय?" म्हटलं, तक्ता होऊ दे.

१३ ऑक्टोबर

खंडेनवमी. सावळारामनं पाटावर सगळी यंत्रं मांडली. तराजू, भिंग, मधोमध सिरिंज. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आज हत्यार चालवायचं नाही, म्हणून पाकोळ्यांनाही सुट्टी. सावळाराम सिरिंजपुढं बराच वेळ हात जोडून उभा होता. काय मागितलंस विचारलं, तर म्हणाला, "तुमच्याकडं बगायला सांगितलं. म्हैपती सायबाकडं न्हाय बगितलं तिनं."

महिपती साहेब म्हणजे माझ्या आधीचा. गेल्या वर्षी वारला एवढं माहीत होतं. कसा, ते विचारायचं राहून गेलं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

कोऱ्या गटातल्या दहापैकी सहा मेल्या.

कशानं? त्यांना नुसतं अ‍ॅसिटोन. मी कोरा गट नेहमी पहिल्यांदा घेतो, सकाळी, धुतलेल्या सिरिंजनं. औषधाची कुपी तोवर कपाटातून बाहेरही निघालेली नसते.

१७ ऑक्टोबर

आठ.

१९ ऑक्टोबर

अ‍ॅसिटोनची नवी बाटली फोडली. नवे डबे. नवं पान. ठमाबाईला सांगून लांबच्या फडातल्या पाकोळ्या आणवल्या. नऊ मेल्या. पहिल्या डोसाच्या गटात सात. म्हणजे ज्यांना औषध दिलं त्यांच्यापेक्षा ज्यांना काहीच दिलं नाही त्या जास्त मेल्या! मरतानाही औषध दिल्यासारख्याच. आधी पाय थरथरतात, मग पाठीवर उलट्या पडतात आणि चोच हलत राहते.

ठमाबाई डब्यात वाकून पाहत होती. म्हणाली, "येकीचं बगून दुसरी जाती. जीव हाय त्यो. तुमच्या हाताला वळाखतात आता."

हसलो. संध्याकाळी हात तीनदा धुतले.

२१ ऑक्टोबर, रविवार

खोलीत लसणाचा वास येतो. मी लसूण खात नाही, सावळाराम डबा घरून आणतो तो बाहेर पिंपळाखाली खातो. उशीला वास, टोपीला वास. नव्या औषधाला असाच वास आहे हे खरं. पण औषध पलीकडच्या खोलीत, कुलपात.

डावा डोळा सारखा लवतोय. पुरुषाचा डावा लवणं वाईट म्हणतात. मी बी.एस्सी. झालेला माणूस, आणि हे लिहितोय.

२३ ऑक्टोबर

आज एक विचित्र झालं.

भर बाराला बाहेर आलो तर आभाळ भरून आलेलं. उसाचे तुरे काळपट, कालव्याचं पाणी शाईसारखं. बाजूला ठमाबाई डबा घेऊन उभी. म्हटलं, पाऊस येणार, आत ये. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं. "कुटला पाऊस? उनानं टाळकं तापलंय की, साहेब." तिची सावली जमिनीवर चांगली काळी कुळकुळीत पडली होती. ऊन होतं. मला दिसत नव्हतं.

२४ ऑक्टोबर

आजही. बाराच्या सुमारास दिवेलागण झाल्यासारखं होतं. अक्षरं दिसतात, जवळचं सगळं दिसतं, फक्त उजेड कुणीतरी काढून घेतल्यासारखा.

कुणाला सांगायचं नाही. ज्याला उजेड दिसत नाही त्याच्या हाती मायक्रोमीटर कोण देईल? डोळे गेले की नोकरी गेली, खोल्या गेल्या. आता रोज दुपारी बारा वाजता या वहीत लिहायचं. ओळ सरळ आली म्हणजे डोळे शाबूत.

२५ ऑक्टोबर

ओळ सरळ.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

ओळ सरळ. कोरा गट, दहापैकी दहा मेल्या.

सावळारामला सहज विचारावं तसं विचारलं, महिपती साहेब कसे गेले रे? तो परीक्षानळ्या पुसत होता, थांबला. म्हणाला, "कालव्यात. भर दुपारी. वाट सरळ, डोळं उघडं, आन् चालत चालत गेलं पान्यात. म्या हाळी दिली तर म्हनलं, अंधारात कोन बोलावतंय?"

मग नळीला फुंकर मारून म्हणाला, "म्हैनाभर दुपारचा कंदील मागायचं. त्यो बगा, तितं लटकलाय त्योच."

दाराच्या मागं खिळ्याला कंदील आहे. मी रोज त्याखालून जातो. काच धुरानं काळी.

कौसल्याचं पत्र. चंद्रा गुटगुटीत. तिचे स्वतःचे केस मात्र पुंजक्यानं गळतात.

२८ ऑक्टोबर, रविवार

रामहरी उसाचा ट्रक घेऊन बारामतीकडं निघाला होता. त्याच्याबरोबर कौसल्याला दिवाळीचं धाडलं. साबण, उटणं, पोरीला लोकरीचं टोपडं. आणि माझ्या खोबरेलाच्या बाटलीतलं निम्मं तेल. मुंबईच्या मित्रानं आणून दिलेलं खरं मलबारी खोबरेल आहे, बारामतीत पेठेत मिळतं त्यात शेंगतेल असतं. मी रोज सकाळी डोक्यावर थापतो म्हणून तर एवढं जंगल टिकलंय. बायकोच्या केसांसाठी एवढं तरी करावं. चिठ्ठीत लिहिलं, रोज लाव, कंजूषपणा करू नकोस.

रामहरी बाटली हुंगून म्हणाला, "फोडणी दिलीय काय वैनींनी?" त्याला सगळीकडं जेवणच दिसतं.

३० ऑक्टोबर

महिपतीचं रजिस्टर काढलं. सुरेख अक्षर. गेल्या सप्टेंबरपर्यंत कोऱ्या गटाच्या रकान्यात शून्य, शून्य, एक, शून्य. मग चार. मग सात. मग नऊ. त्यानंतर रकाना मोकळा, पानंच्या पानं मोकळा. शेवटच्या पानावर कडेला बारीक अक्षरात लिहिलंय: "त्यांना कळतं."

रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. हात धोतराला पुसले. धोतर घामानं ओलं होतं. ऑक्टोबर संपला, पहाटे पांघरूण लागतं, आणि मला दिवसभर घाम!

१ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली अंघोळ. एकट्याची दिवाळी कसली, पण आई म्हणायची, या दिवशी अंगाला तेल न लावणारा नरकात जातो. सबंध अंगाला खोबरेल चोळलं, उटणं लावलं, दारात कारीट फोडलं. कार्यालयात रेडिओवर नव्या द्विभाषिक राज्याचं चाललं होतं. ऐकायला गेलो नाही.

बारा वाजता वही उघडली, ओळी दिसेनात. पोटात पीळ. तोंडात लाळ, थुंकलो तरी भरतेच. वारं घ्यावं म्हणून बाहेर पडलो. बाहेर पूर्ण सांज. कुणीतरी माझ्या पुढं चाललंय असं वाटत होतं. त्याच्या मागून जात राहिलो. वाट पायाखाली थंड लागली, तेवढ्यात मागून दंड धरला कुणी. ठमाबाई होती. माझा एक पाय कालव्याच्या पाण्यात.

तिनं मला काठावर बसवलं आणि माझ्यावरून मीठमोहऱ्या नसल्यामुळं मातीच ओवाळून टाकली. "साहेब, ही नोकरी सोडा. ह्ये हजारो जीव कुटं जात असतील, सांगा की."

मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही. पोरीचं तोंड एकदाच पाहिलंय.

३ नोव्हेंबर

पुण्याहून पत्र. तक्ता वेळेवर हवा. "कोऱ्या गटातील मृत्यू नगण्य असणे आवश्यक."

आवश्यक! पेन्सिलीनं एक शून्य काढून पाहिलं. किती सोपं आहे. दहातला एक खोडला की झालं. मग ते शून्यच खोडून टाकलं.

या तक्त्यावरून शेतकऱ्यांना डोस सांगणार. ते फवारणार, त्यांच्या बाया निंदायला जाणार. खोटा आकडा माझ्यानं नाही व्हायचा. महिपतीनंही रकाना मोकळाच ठेवला होता, खोटा भरला नव्हता. मेलेल्या माणसाची आज पहिल्यांदा भीती वाटली नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

बारा वाजता सावळारामला म्हणालो, कंदील लाव.

तोंडातून शब्द गेल्यावर कळलं काय बोललो ते. सावळाराम हातातलं फडकं टाकून उठला. खिळ्यावरचा कंदील काढला, काच सदऱ्याला पुसली, लावला आणि माझ्या वहीशेजारी ठेवला. कंदिलाच्या उजेडात हे लिहितोय, आणि खिडकीच्या गजांची सावली पानावर पडली आहे. म्हणजे बाहेर ऊन आहे.

६ नोव्हेंबर

कोरा गट, दहा. कंदील.

८ नोव्हेंबर, गुरुवार

काल सकाळी कोऱ्या गटाच्या डब्यावरच कोसळलो म्हणे. ठमाबाई आणि रामहरीनं ट्रकात घालून इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला फटकळ. दुपारच्या अंधाराचं ऐकून माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "तुमच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. खिडकी बंद करून ऊन मागताय होय? काम काय करता?"

नव्या औषधाचं नाव सांगितलं. पॅराथिऑन म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. विष अंगात गेलंय. कातडीतून जातं, डोळ्यात गेलं तर बाहुली आवळते, घाम, लाळ, पोटात पीळ, सगळं त्याचंच. अजून थोडं गेलं असतं तर श्वास थांबला असता. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. घटकेनं तोंड कोरडं ठाक पडलं, आणि मग खिडकीतून ऊन आलं! पांढरं, डोळे दिपवणारं ऊन. समोरच्या भिंतीवरची पाल दिसली तिचंसुद्धा कौतुक वाटलं.

डॉक्टर म्हणाले, रोज कुठून तरी जातंय. शोधा, नाहीतर पुन्हा याल, किंवा येणार नाही.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं!

डोकं अजून सुईच्या धुंदीत जड आहे, पण आठवतं तसं लिहितो. परत आल्यावर सावळारामला म्हटलं, तू काम कर, मी नुसता बसून बघतो. त्यानं डबे धुतले, नळ्या धुतल्या, सिरिंज अ‍ॅसिटोननं धुतली. सांगितलंय तसंच, तीनदा. मग चिमट्यानं दट्ट्या उचलला, माझ्या खोलीत गेला, फळीवरच्या माझ्या खोबरेलाच्या बाटलीचं बूच काढलं आणि दट्ट्या आत बुडवला. चांगला गळ्यापर्यंत. निथळवला, फडक्यानं टिपला, परत आणून नळीत घातला.

मी ओरडलोच. हे काय? तो दचकला. म्हणाला, "तेल नगं यंत्राला? त्या अ‍ॅसिटोननं सुकतंय ते. आन् बोट लावायचं न्हाय म्हनला नव्हता का तुमीच? म्हनून बुडीवतो. म्हैपती सायबाच्या टायमालाबी त्यांच्या डोक्याच्या तेलात असंच करीत हुतो. त्यांनीबी म्हनलं हुतं बोट लावू नगंस."

दट्ट्याच्या खरबरीत कडेला राहिलेलं औषध रोज संध्याकाळी बाटलीत. बाटलीतलं रोज सकाळी माझ्या डोक्यावर, घामाबरोबर डोळ्यांत. आणि दट्ट्यावरचं तेल पहिल्या गटाला, म्हणजे कोऱ्याला. त्यांना काही कळत नव्हतं. मला ओळखत नव्हत्या. आम्ही सगळे एकाच बाटलीतलं घेत होतो.

सावळारामला समजावून सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "म्हनजी म्हैपती सायबाला म्या..." म्हटलं, तुला कुणी सांगितलं नाही, त्याचा दोष तुझा नाही. मीही विचारलं नाही. चाललंय ना लोण्यासारखं, मग विचारतो कोण.

बाटली खड्ड्यात पुरली. उशी, टोपी जाळली. डोकं सोड्यानं चारदा धुतलं. सिरिंज उकळली, अ‍ॅसिटोननं धुतली आणि कोरडीच ठेवली. किरकिरू दे. लगेच नवा कोरा गट लावलाय.

कंदील खिळ्यावरून काढून माळ्यावर टाकला. भूत नाही, शाप नाही. तक्ता होतोय वेळेत. पंधरा तारखेनंतर खोल्या, कौसल्या, चंद्रा! किती दिवसांनी भूक लागली आहे.

१० नोव्हेंबर, शनिवार

कोरा गट. दहापैकी दहा जिवंत. डब्याला टकटक केलं की उड्या मारतात.

टपालात कौसल्याचं पत्र, गुरुवारचं. तसंच उतरवतो.

"तेल पोचलं. आई म्हणते त्याला लसणाचा वास येतो, म्हणून ती चंद्राच्या टाळूवर घालू देत नाही, तिला घाण्याचंच घालतो. मी मात्र रोज लावते, तुम्ही धाडलंय म्हणून. केस गळायचे थांबले नाहीत. जीव सारखा घाबरतो, घाम येतो, बाळंतपणाचं असेल. आणि हसू नका, इथं हल्ली दुपारीच अंधारून येतं. तिकडं येतं का? शनिवारी सव्वा महिना सरतो. भर बाराला चंद्राला घेऊन विहिरीची ओटी भरायची आहे. पहिली पायरी माझी मीच उतरायची असते."

साडेदहा झाले. बारामतीला निघायचं म्हणून रामहरी ट्रकात पाणी ओततोय.

आज शनिवार.